रक्तदाबाचे खापर जनुकांवर फोडण्याआधी

ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग, अलास्का आणि सायबेरिया या ध्रुवालगतच्या पट्ट्यात जे मूलनिवासी समाज राहतात, त्यांच्यात उच्च रक्तदाब, पक्षाघात आणि मधुमेह ही दुखणी गेल्या दोन-तीन पिढ्यांत ठळकपणे पुढे आली आहेत. असे का झाले, हा प्रश्न निघाला की उत्तर देणाऱ्यांची नजर फार लवकर जनुकांकडे वळते. हे लोक हजारो वर्षे गोठवणाऱ्या थंडीत मांस आणि चरबी खाऊन जगले, त्यामुळे त्यांच्या शरीराची घडणच निराळी झाली आणि आता आधुनिक राहणी त्यांना सोसत नाही, असे ते उत्तर असते. त्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक दिशाभूल करते. माझे म्हणणे असे, की उत्तरेकडील मूलनिवासींच्या जनुकांचा अभ्यास जरूर व्हावा, किंबहुना आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक व्हावा. परंतु एखाद्या समाजाचा रक्तदाब का वाढला, या प्रश्नाचे उत्तर म्हणून जनुके पुढे करणे शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही आणि सार्वजनिक धोरणात त्यातून उघड अन्याय होतो.

रक्तदाबात आनुवंशिकतेचा वाटा आहे, याबद्दल वाद नाही. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असावा, असा अंदाज केला जातो. आई-वडिलांना बीपी होते का, असे डॉक्टर विचारतात ते उगाच नव्हे. ही आनुवंशिकता कोणत्या प्रकारची, याबद्दल मात्र एके काळी मोठा वाद झाला होता. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग या दोन नामवंत वैद्यांनी तो जाहीरपणे लढवला. उच्च रक्तदाब हा एकाच जनुकामुळे होणारा, निरोगी माणसांपासून स्पष्ट वेगळा काढता येणारा आजार आहे, असे प्लॅट यांचे मत होते. पिकरिंग म्हणत होते, की रक्तदाब हा उंचीसारखा आहे. प्रत्येकाचा थोडा कमी, थोडा जास्त असतो, आणि आजाराची रेषा आपण आपल्या सोयीने ओढतो. पुढच्या संशोधनाने पिकरिंग यांची बाजू उचलून धरली. लिडल सिंड्रोमसारख्या काही दुर्मीळ आजारांत एकाच जनुकातील बिघाडाने मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त सोडियम धरून ठेवते आणि तरुण वयातच रक्तदाब चढतो. असे मोजके आजार वगळले, तर सर्वसामान्य रक्तदाबामागे एक जनुक सापडत नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकसंचांचे विश्लेषण झाल्यावर रक्तदाबाशी संबंध असलेले दोन हजारांहून अधिक जनुकीय बदल हाती आले, आणि त्यांतल्या बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम एक मिलिमीटर पाऱ्याइतकाही नाही.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. आनुवंशिकतेचा जो टक्का सांगितला जातो, तो एकाच काळात, साधारण एकाच परिस्थितीत राहणाऱ्या माणसांमधील फरकाबद्दल असतो. एका गावात शंभर माणसे सारखेच अन्न खात असतील, तर त्यांतल्या काहींचा रक्तदाब जास्त का आणि काहींचा कमी का, याचे बरेचसे उत्तर जनुकांत सापडू शकेल. पण त्या शंभरही जणांचा रक्तदाब त्यांच्या आजोबांच्या पिढीपेक्षा जास्त का, हा निराळा प्रश्न आहे आणि तो टक्का त्याला लागूच होत नाही. जनुके दोन पिढ्यांत बदलत नाहीत. विल्यम थॉमस या अमेरिकन डॉक्टरने १९२७ साली ग्रीनलंड आणि कॅनडातील लॅब्राडोर येथील इनुइटांच्या, म्हणजे तिकडच्या मूलनिवासींच्या, प्रकृतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा चाळीस ते साठ वयाच्या १४२ प्रौढांचा सरासरी रक्तदाब त्याने १२९/७६ असा नोंदवला होता. केवळ मांसावर जगणारे लोक रक्तदाबाने पछाडलेले असणार, ही त्या वेळच्या वैद्यकाची अपेक्षा होती आणि ती फोल ठरली. त्या माणसांची नातवंडे आणि पतवंडे आज तीच जनुके घेऊन जगत आहेत.

याहूनही बोलका पुरावा २००२ सालचा आहे. ग्रीनलंडच्या सार्वजनिक आरोग्यावर दीर्घकाळ काम केलेले डॅनिश संशोधक पीटर बियेरगोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडमध्ये राहणाऱ्या इनुइटांची तुलना डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेल्या इनुइटांशी केली. डेन्मार्कमध्ये गेलेल्यांचा रक्तदाब अधिक निघाला. स्थलांतर करणारी माणसे मुळातच काही बाबतींत मागे राहिलेल्यांहून वेगळी असू शकतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही वंश एक, पूर्वज एक, आणि देश बदलल्यावर आकडा बदलतो, ही गोष्ट दुर्लक्षिता येण्यासारखी नाही. पुढे अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडमधील मोजण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हाही 'इनुइटांचा रक्तदाब' असा एकच आकडा हाती लागला नाही. प्रदेशाप्रदेशांत फरक होता. नॉर्वेच्या उत्तर भागातील सामी लोक आणि त्यांचे इतर नॉर्वेजियन शेजारी यांच्यातही या बाबतीत मोठी दरी आढळलेली नाही. ज्या गोष्टीला आपण 'उत्तरेकडील मूलनिवासींचा जनुकीय रक्तदाब' म्हणू पाहतो, ती मोजमापात एकसंध अशी दिसतच नाही.

तरीही दुसऱ्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण ते सायबेरियातील काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांवर उभे आहे. विल्यम लेनर्ड, जॉश स्नॉडग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवेंकी, याकुत आणि बुर्यात या समाजांमध्ये अनेक वर्षे काम केले. या लोकांचा मूळ चयापचय दर, म्हणजे शरीर स्वस्थ पडून असताना खर्च होणारी ऊर्जा, त्यांच्या वजन-उंचीवरून अपेक्षित असते त्याहून जास्त असल्याचे त्यांना आढळले. कडाक्याच्या हिवाळ्यात थायरॉइड ग्रंथीची संप्रेरके अधिक वेगाने वापरली जातात आणि शरीर आतून तापत राहते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे याकुतांमध्ये असेही दिसले, की ज्यांचा चयापचय दर जास्त, त्यांचा वरचा रक्तदाबही जास्त असण्याकडे कल आहे. थंडीशी जुळवून घेण्याची किंमत हृदय आणि रक्तवाहिन्या मोजत असतील, ही शक्यता त्यातून समोर येते. ती मी नाकारत नाही. मात्र या जुळवून घेण्यात जनुके किती आणि आयुष्यभर थंडीत वावरल्याने शरीराला लागलेली सवय किती, हे चयापचय मोजून कळत नाही.

शिवाय याच प्रश्नावर अगदी उलट्या दिशेने जाणारी एक उपपत्तीही आहे, आणि तिच्याही बाजूला पुरावा आहे. माणूस उष्ण, दमट प्रदेशात उत्क्रांत झाला. घामावाटे मीठ जात असल्याने मीठ धरून ठेवणारे शरीर तेथे फायद्याचे होते. माणसे थंड प्रदेशांकडे सरकली तसा तो फायदा उरला नाही. २००४ मध्ये अ‍ॅना दि रिएन्झो यांच्या गटाने मीठ धरून ठेवण्याशी संबंधित असलेला एक जनुकीय बदल विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा विरळ होत जातो, असे दाखवले. पुढच्याच वर्षी आणखी एका गटाने रक्तदाबाशी संबंधित इतर जनुकांबाबतही अक्षांशाप्रमाणे बदलणारा असाच क्रम मांडला. या उपपत्तीप्रमाणे उत्तरेकडील लोकांना रक्तदाबाचा धोका जन्मतः कमी असायला हवा. म्हणजे थंडीचीच गोष्ट सांगून एक विद्वान म्हणतो धोका जास्त, दुसरा म्हणतो कमी. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी अभ्यासनीय आहेत. पण ज्या कारणपरंपरेतून परस्परविरोधी निष्कर्ष सारख्याच सहजतेने निघतात, तिच्या आधारे एका समाजाच्या आरोग्याचे धोरण आखले जाऊ नये, एवढे तरी आपण मान्य करायला हवे.

आर्क्टिकमध्ये जनुकशास्त्राला जे खरोखर गवसले आहे, ते याहून नेमके आणि म्हणूनच कितीतरी उपयोगाचे आहे. २०१४ साली ग्रीनलंडमधील सुमारे अडीच हजार लोकांच्या अभ्यासातून टीबीसी१डी४ नावाच्या जनुकातील एक बदल सापडला. या जनुकाचे काम स्नायूंमध्ये साखर ओढून घेण्याशी निगडित आहे. ज्यांच्याकडे या बदलाच्या दोन्ही प्रती आहेत, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, त्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका इतरांच्या सुमारे दहापट असतो, आणि ग्रीनलंडच्या लोकसंख्येत अशी माणसे जवळजवळ चार टक्के आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या माणसांची उपाशीपोटीची साखर बहुधा ठीक येते आणि जेवल्यानंतरची साखर मात्र चढलेली असते. त्यामुळे उपाशीपोटीच्या किंवा एचबीए१सीच्या, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या, नेहमीच्या तपासणीत त्यांतले कितीतरी जण निरोगी ठरून घरी जातात. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतले तरच आजार दिसतो. हे कळल्याने इनुइट रुग्णाची तपासणी कशी करायची ते बदलले पाहिजे, हे डॉक्टरला कळते. मधुमेह आणि रक्तदाब हे हातात हात घालून चालणारे आजार असल्याने त्याचा लाभ रक्तदाबाच्या रुग्णालाही होतो.

तसाच सीपीटी१ए या जनुकातील एक बदल कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशातील बहुसंख्य इनुइटांमध्ये आढळतो. चरबी जाळण्याच्या प्रक्रियेशी त्याचा संबंध आहे आणि समुद्री प्राण्यांच्या चरबीवर जगण्यात त्याचा फायदा झाला असावा, असे मानले जाते. मात्र तान्हे बाळ तापाने आजारी पडून फार वेळ उपाशी राहिले तर त्याची रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आईला सांगायची गोष्ट साधी असते: आजारी बाळाला रात्री उठवूनही दूध पाजत राहा. एलडीएलआर जनुकातील आणखी एक बदल ग्रीनलंडमध्ये पुष्कळांत आहे आणि तो कोलेस्टेरॉल वाढवतो. तो असलेल्यांवर लवकर लक्ष ठेवता येते. २०१५ मध्ये मेदाम्लांच्या प्रक्रियेशी संबंधित जनुकांवर ग्रीनलंडच्या इनुइटांमध्ये नैसर्गिक निवडीचा ठसा स्पष्ट दिसल्याचेही जाहीर झाले. यांतल्या कोणत्याही शोधातून 'इनुइट ही रक्तदाबाची जमात आहे' असे निघत नाही. प्रत्येक शोध एका विशिष्ट बदलाबद्दल, त्याच्या विशिष्ट परिणामाबद्दल आणि तो कोणात आहे याबद्दल बोलतो, आणि त्यातून दवाखान्यात उद्या सकाळी काय वेगळे करायचे ते ठरते. समाजाच्या माथी स्वभावदोष मारणारे जनुकशास्त्र आणि रुग्णाच्या तपासणीचा कागद बदलणारे जनुकशास्त्र यांतला फरक हा आहे.

मग गेल्या ७०-८० वर्षांत नेमके काय बदलले? १९५० आणि ६०च्या दशकांत कॅनडाच्या सरकारने शिकारीच्या तळांवर विखुरलेल्या इनुइट कुटुंबांना कायम वस्त्यांमध्ये आणले. १९५३ साली क्युबेकच्या उत्तर भागातील इनुकजुआकमधून काही कुटुंबे सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, जवळजवळ झाडाझुडपांशिवायच्या बेटांवर नेऊन सोडली गेली. त्याबद्दल सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. बॅफिन बेटाच्या परिसरात स्लेज ओढणारे कुत्रे मारले गेले, आणि कुत्रे गेले म्हणजे शिकारीला जाण्याचे साधनच गेले. त्याची माफी २०१९ मध्ये आली. मुलांना निवासी शाळांत घातले गेले. ग्रीनलंडमध्ये डॅनिश राजवटीने छोट्या वस्त्या बंद करून माणसे शहरांतील वसाहतींमध्ये एकवटली. १९८३ मध्ये युरोपने सील या समुद्री प्राण्याच्या पिलांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट ज्या प्रौढ सीलची शिकार करतात त्यांच्यावर ती बंदी नव्हती, तरीही कातड्यांचा एकंदर बाजारच कोसळला आणि शिकारीसाठी लागणारे पेट्रोल आणि काडतुसे घेण्याचे पैसे अनेक घरांतून नाहीसे झाले.

या सगळ्याचा रक्तदाबाशी संबंध कसा, ते स्वयंपाकघरात पाहावे. इनुइट घरात सील आणला की स्वयंपाकघराच्या जमिनीवर पुठ्ठे उलगडून पसरतात, त्यावर तो ठेवतात आणि अर्धचंद्रासारख्या पात्याच्या, 'उलू' नावाच्या सुरीने बायका तो कापतात; भोवती घरची आणि शेजारची माणसे बसतात, काळीज कच्चेच वाटून खाल्ले जाते आणि उरलेले मांस नातलगांकडे पोचते. त्या जेवणात वरून घातलेले मीठ जवळजवळ नसते. व्हेलच्या कच्च्या कातडीतून क जीवनसत्त्वही मिळते, त्यामुळे भाजीपाल्याविना ही माणसे शतकानुशतके धडधाकट राहिली. त्याच घरात शिकारी नसेल किंवा त्याच्याकडे पेट्रोलला पैसे नसतील, तर जेवण दुकानातून येते, आणि विमानाने आलेल्या मालाच्या त्या दुकानात ताजे अन्न सर्वांत महाग आणि डबाबंद मांस, चिप्स, गोड पेये, झटपट नूडल्स हेच काय ते परवडणारे. अशा नूडल्सच्या एका पाकिटात दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम सहज असते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा दोन हजार मिलिग्रॅम आहे. २००७-०८ च्या पाहणीत नुनावुतमधील लहान इनुइट मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुले अशा घरांत राहत होती, जिथे पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. निम्म्याहून अधिक प्रौढ धूम्रपान करतात, आणि घरे इतकी अपुरी आहेत की अनेकांना पाळीपाळीने झोपावे लागते. अशा परिस्थितीत रक्तदाब वाढला तर त्यासाठी दुर्मीळ जनुक शोधत बसण्याची गरज नाही. ही परिस्थिती जगातल्या कोणत्याही समाजावर लादली, तरी हेच होईल.

याच चित्रात आपल्यालाही गुंतवणारा एक धागा आहे. क्युबेकच्या उत्तरेकडील नुनाविक प्रदेशातील इनुइट प्रौढांच्या रक्तातील पारा आणि रक्तदाब यांचा संबंध २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आला. शरीरातला पारा जास्त, तसा रक्तदाबही जास्त. हा पारा त्यांच्या भूमीत तयार होत नाही. तो कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांतून, सोन्याच्या खाणकामातून आणि कारखान्यांतून हवेत जातो, महिनोन् महिने वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर फिरतो, आर्क्टिकच्या पाण्यात उतरतो आणि लहान माशांपासून मोठ्या माशांत, त्यांच्यापासून बेलुगा व्हेलच्या मांसात साठत जातो. कोळशावर चालणाऱ्या भारतातील वीजकेंद्रांचा, त्यात आपल्या चंद्रपूरच्याही, या जागतिक साठ्यात वाटा आहे. पाऱ्यावरील मिनामाता कराराच्या प्रास्ताविकात आर्क्टिकच्या परिसंस्था आणि तेथील मूलनिवासी यांना असलेल्या विशेष धोक्याचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे, आणि भारताने २०१८ मध्ये त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली आहे. अर्थात यावर 'मग त्यांनी व्हेल खाणे सोडावे' असा उपाय सांगणे क्रूरपणाचे होईल, कारण व्हेल सोडून माणूस पुन्हा नूडल्सच्या पाकिटाकडेच जाईल. गरोदर आणि गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रियांनी बेलुगाचे मांस कमी करून त्याऐवजी आर्क्टिक चार हा मासा अधिक खावा, असा सल्ला तेथील आरोग्य यंत्रणेने दिला, तो त्यामानाने विचारपूर्वक दिलेला होता.

जनुकांना दोष देण्याची ही सवय नवी नाही. १९६२ मध्ये जेम्स नील या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली: उपासमारीच्या काळात चरबी साठवण्यास उपयोगी पडलेली जनुके मुबलक अन्नाच्या काळात मधुमेहाला कारण होतात. कल्पना चतुर होती, आणि नील यांनी ती प्रश्नचिन्हासह मांडली होती. पण उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींवर ती इतकी घट्ट चिकटवली गेली, की त्यांचा आजार म्हणजे त्यांच्या रक्तातला दोष, असे त्यांच्या दवाखान्यांतही बोलले जाऊ लागले. नील यांनी स्वतः पुढे ती कल्पना पुष्कळ सौम्य केली. सर्वसामान्य समजुतीपर्यंत ती दुरुस्ती पोचलीच नाही. आजाराचे मूळ रक्तात आहे असे एकदा ठरले, की दुकानातल्या किमती, घरांची टंचाई आणि बंद झालेली शिकार हे विषय आरोग्याच्या चर्चेतून आपोआप बाहेर जातात, आणि ज्या शासनाने ही परिस्थिती घडवली त्याच्या डोक्यावरचा भार हलका होतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त बोचते ते हेच.

याला उत्तर म्हणून काही जण, त्यात मूलनिवासी कार्यकर्तेही आहेत, जनुकीय संशोधनच नको असे म्हणतात. त्यांचा अविश्वास निराधार नाही. १९४० च्या दशकात कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागातील क्री या मूलनिवासी लोकांवर, ते उपाशी असल्याचे ठाऊक असूनही, जीवनसत्त्वांचे प्रयोग केले गेले. ग्रीनलंडमध्ये १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे साडेचार हजार स्त्रिया आणि मुलींच्या गर्भाशयात गर्भनिरोधक साधने बसवली गेली, पुष्कळदा त्यांना न विचारता. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी २०२५ मध्ये त्यासाठी माफी मागितली. कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावरील नू-चा-नुल्थ या मूलनिवासी लोकांनी १९८०च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी रक्त दिले. ते पुढे त्यांना न सांगता त्यांच्या पूर्वजांचा माग काढण्यासाठी वापरले गेले आणि २००४ मध्ये, मोठ्या तक्रारीनंतर, परत मिळाले. असा अनुभव असलेल्या माणसाने सुईपुढे हात करताना विचार केला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरीही संशोधन थांबवणे हा उपाय मला पटत नाही. आजाराशी संबंधित जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. त्यांच्यावरून तयार केलेले जोखमीचे अंक ग्रीनलंडच्या माणसाला लावले तर ते नीट लागू पडत नाहीत, कारण लहानशा मूळ गटातून वाढलेल्या त्या लोकसंख्येत काही बदल खूप प्रचलित आहेत जे युरोपात दिसतही नाहीत. उद्या रक्तदाबाचे औषध जनुकसंच पाहून ठरवले जाऊ लागले, तर ज्यांची नोंदच नाही त्यांना चुकीचे औषध मिळेल. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागातील गिट्सान या मूलनिवासी लोकांचे उदाहरण येथे मार्ग दाखवते. तेथे अचानक बेशुद्ध पडण्याचे आणि मृत्यूचे प्रकार घराण्यांत चालत आल्याचे समाजाच्याच ध्यानात आले होते. डॉ. लॉरा आर्बर यांनी समाजाला बरोबर घेऊन, त्याच्या संमतीने काम केले. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारा केसीएनक्यू१ जनुकातील बदल सापडला आणि धोका असलेल्यांना वेळेत उपचार मिळू लागले. प्रश्न समाजाचा, नमुने समाजाच्या देखरेखीखाली आणि लाभही समाजाचा, असा हा क्रम होता. कॅनडातील इनुइटांची राष्ट्रीय संघटना इनुइट तापिरीत कनातामी हिने २०१८ साली स्वतःचे संशोधन-धोरण जाहीर केले, त्याचाही गाभा हाच आहे.

महाराष्ट्रात हा भेद समजायला कठीण जाऊ नये. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासींमधील सिकलसेल हा एका जनुकाचा आजार आहे. तेथे रक्ततपासणी, विवाहपूर्व सल्ला आणि लवकर उपचार यांचा उपयोग होतो आणि जनुकाबद्दल बोललेच पाहिजे. पण डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात चारपैकी एका आदिवासी प्रौढाला उच्च रक्तदाब असल्याचे म्हटले, आणि गडचिरोलीच्या ग्रामीण भागातील पाहणीत पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले, तेव्हा तेथे 'आदिवासींच्या जनुकातच आहे' असे म्हणणारा माणूस सिकलसेलचे माप चुकीच्या दुखण्याला लावत असतो. तंबाखू, मीठ, न मोजलेला रक्तदाब आणि मध्येच सुटलेली गोळी यांची उत्तरे आधी द्यावी लागतात.

नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि त्यांना एकमेकींशी जोडणारा एकही रस्ता नाही. बहुतेक ठिकाणी डॉक्टर नसतो, नर्सचे आरोग्य केंद्र असते, आणि त्या नर्सही काही महिन्यांनी बदलतात. रक्तदाबाचा रुग्ण दर वेळी नव्या माणसापुढे बसतो, पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि हिवाळ्यात स्नोमोबाइलवरून येऊन गारठलेल्या हातावर लगेच पट्टा बांधला तर आकडा चढलेलाच येतो. त्याला अर्धा तास उबेत बसवून पुन्हा मोजायला वेळ आणि माणूस दोन्ही लागतात. स्थानिक इनुइट तरुण-तरुणींना याच कामासाठी शिकवून कायम नेमले, घरोघरी मोजणीची यंत्रे दिली, शिकारीच्या खर्चाला दुकानातल्या मालाइतकेच अनुदान दिले आणि ताज्या अन्नाच्या किमती खाली आणल्या, तर रक्तदाबावर जो परिणाम होईल तो कोणत्याही जनुकीय शोधाची वाट पाहणार नाही. जनुकांच्या अभ्यासाला पैसा देणाऱ्या संस्थांनी त्याच वस्त्यांमधील या कामांसाठीही त्याच अंदाजपत्रकात तरतूद करावी, रक्ताचे नमुने समाजाच्या नावावर ठेवावेत आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत, ज्यांचे रक्त घेतले त्यांच्यासमोर, त्यांच्याच गावात मांडावेत.